फाळका पाडून मांडलेली पंगत

अमेरिकेच्या दक्षिण कॅरोलायना राज्यात क्लेम्सन नावाचं गाव आहे. 2020च्या जनगणनेत त्याची वस्ती साडेसतरा हजारांच्या थोडी वर भरली. तिथल्या विद्यापीठाच्या फुटबॉल मैदानात मात्र 80 हजारांहून जास्त माणसं बसतात. सप्टेंबर ते नोव्हेंबर या काळात सहा-सात शनिवारी ते मैदान भरतं आणि गावाच्या चौपटीहून जास्त पाहुणे एका दिवसात येऊन जातात. आई-वडील, आजी-आजोबा, तिथे शिकणारी नात, वीस वर्षांपूर्वी तिथूनच पदवी घेतलेला मामा, असं सगळं घर गाडीत बसून येतं. इतक्यांना जेवू घालतील एवढी हॉटेलं गावात नाहीत, आणि वर्षातल्या सहा-सात दिवसांच्या गिऱ्हाइकासाठी ती कुणी काढणारही नाही. म्हणून ही मंडळी स्वयंपाकघरच बरोबर आणतात. मैदानाबाहेर गाडी लावायची, मागचा फाळका खाली पाडायचा, त्यावर डबे मांडायचे, बाजूला शेगडी पेटवायची आणि सामना सुरू होण्याआधीचे चार-पाच तास खाण्यात, गप्पांत आणि जुन्या ओळखी काढण्यात घालवायचे. या प्रथेचं नाव टेलगेटिंग. टेलगेट म्हणजे तो फाळकाच.

हा फुटबॉल म्हणजे लंबगोल चेंडू हातात धरून धावण्याचा, धावणाऱ्याला अंगावर झेप घेऊन पाडण्याचा अमेरिकन खेळ. त्याची जबर कमाई करणारी व्यावसायिक लीग मोठ्या शहरांत खेळते. पण घरादारासकट प्रवास करून जायचं ते कॉलेजच्या सामन्याला, आणि फाळक्यावरच्या जेवणाचा खरा थाटही तिथलाच.

या प्रथेचं मूळ सांगताना एक गोष्ट हटकून सांगितली जाते. 21 जुलै 1861 रोजी, अमेरिकन यादवी युद्धातली बुल रनची पहिली लढाई बघायला वॉशिंग्टनहून लोक घोडागाड्यांतून, खाण्याच्या टोपल्या घेऊन गेले होते. त्यांत संसदेचे सदस्यही होते. लढाईत उत्तरेचं सैन्य मोडलं आणि पळणाऱ्या शिपायांच्या गर्दीत या गाड्या अडकल्या. हकीकत खरी आहे, पण तिचं कॉलेजच्या सामन्याशी जोडलेलं नातं ओढूनताणून आणलेलं वाटतं. तसंच दुसरं नाव चार्ल्स गुडनाइटचं. गुरांचे कळप हाकणाऱ्या या टेक्सासच्या माणसाने 1866 साली मागे फळी उघडणारी, कप्पेदार स्वयंपाकाची गाडी बनवली. फळीपुरतं साम्य आहे, त्यापलीकडे नाही. या दोन्ही गोष्टींत सामना नाही आणि कुटुंबही नाही. ही प्रथा घडवली ती लांबच्या रस्त्याने आणि त्या त्या काळच्या वाहनाने.

पहिला आंतरमहाविद्यालयीन सामना 6 नोव्हेंबर 1869 रोजी न्यू जर्सीत, न्यू ब्रन्सविक इथे झाला. रटगर्सने प्रिन्स्टनला 6-4 असं हरवलं. एका बाजूला 25 खेळाडू, बघायला शंभरेक माणसं, आणि प्रिन्स्टनकर आले ते आगगाडीने. पुढच्या पंचवीस वर्षांत खेळाचं रूप पालटलं. नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंग सणाला न्यूयॉर्कमध्ये होणारा येल-प्रिन्स्टन सामना हा शहरातल्या श्रीमंतांचा उत्सवच झाला. 1893 साली प्रिन्स्टनने येलला 6-0 असं हरवलं, तेव्हाचं वर्णन रिचर्ड हार्डिंग डेव्हिस या नामांकित पत्रकाराने लिहून ठेवलं आहे. कॉलेजच्या रंगांच्या फिती लावलेल्या चार घोड्यांच्या गाड्या शहरातून मिरवत मैदानावर जायच्या आणि गाडीच्या टपावर बसूनच जेवण नि सामना दोन्ही चालायचं. फाळका अजून आला नव्हता, पण गाडीलाच पंगतीची जागा करायची कल्पना तेव्हाच रुजलेली होती.

श्रीमंतांच्या टपावरून ती साध्या घरांपर्यंत पोचली ती विसाव्या शतकात, आणि त्यामागे एक सरकारी निर्णय होता. 1862 साली लिंकन यांनी मॉरिल कायद्यावर सही केली. केंद्र सरकारने राज्यांना जमिनी दिल्या आणि त्यांच्या विक्रीतून शेती नि यंत्रविद्या शिकवणारी कॉलेजं उभी राहिली. त्यांतली बरीचशी मोठ्या शहरांपासून दूर, शेतीच्या मुलखात होती. पेन स्टेट, क्लेम्सन ही त्यातलीच नावं. शेतकऱ्यांची, दुकानदारांची मुलं तिथे शिकली, नोकरीसाठी राज्यभर पांगली आणि वर्षातून एकदा तरी कॉलेजकडे परतायला निमित्त शोधू लागली. 1911 साली मिझुरी विद्यापीठाचे क्रीडाप्रमुख चेस्टर ब्रूअर यांनी कॅन्ससविरुद्धच्या सामन्याला माजी विद्यार्थ्यांना जाहीर आमंत्रण दिलं, सामना 3-3 असा बरोबरीत सुटला, आणि होमकमिंगची, म्हणजे माजी विद्यार्थ्यांच्या या घरवापसीची, सुरुवात आपणच केली असं मिझुरी तेव्हापासून सांगत आलं आहे. बेलर आणि इलिनॉय ही विद्यापीठंही तोच मान मागतात. मान कुणालाही मिळो, माहेरी आल्यासारखं कॉलेजात यायचं ही रीत त्या दोन-तीन वर्षांत पडली एवढं नक्की.

मग मैदानं बांधली गेली. 1914 साली येलचं, सुमारे 70 हजार प्रेक्षकांचं मैदान उघडलं आणि पहिल्याच सामन्यात हार्वर्डने येलला 36-0 असं धुतलं. ओहायो स्टेटचं मैदान 1922चं, मिशिगनचं 1927चं. याच वर्षांत फोर्डची मोटार सामान्य माणसाच्या दारात आली. फोर्डच्या कारखान्यात गाडीसाठी लागणाऱ्या लाकडाचा भुसा आणि तुकडे ढिगांनी उरत. त्यांच्यापासून कोळशाच्या वड्या करून कंपनी त्या आपल्याच मोटारविक्रेत्यांमार्फत विकू लागली. पुढे 1951 साली त्या कोळशाला किंग्जफर्ड हे नाव मिळालं. आजही शनिवारच्या शेगड्यांत हाच कोळसा मोठ्या प्रमाणावर जळतो. मोटार आणि शेगडीचा संबंध असा कारखान्यातूनच आलेला आहे.

1950च्या दशकात सगळ्या गोष्टी एकदम जुळून आल्या. स्टेशन वॅगन, म्हणजे मागे लांब सामानाची जागा आणि खाली पडणारा फाळका असलेली गाडी, मध्यमवर्गीय घराची गाडी झाली. शिकागोत समुद्री बोये बनवणाऱ्या वेबर ब्रदर्सच्या कारखान्यात काम करणाऱ्या जॉर्ज स्टीफन यांनी 1952 साली बोया मधोमध कापून त्याची झाकणाची गोल शेगडी केली. वाऱ्यात न विझणारी, पाय काढून गाडीत मावणारी ही शेगडी उघड्या मैदानासाठीच जन्मल्यासारखी होती. आणि 1956च्या कायद्याने 41 हजार मैलांच्या महामार्गांचं काम हाती घेतलं गेलं. पूर्वी मुक्काम करावा लागणारा प्रवास आता पहाटे निघून रात्री परतण्याइतका झाला.

पण रस्ता सगळ्यांसाठी सारखा नव्हता. दक्षिणेकडच्या राज्यांत कृष्णवर्णीय कुटुंबाला वाटेतल्या खानावळीत कुणी बसू देत नसे. 1964चा नागरी हक्क कायदा येईपर्यंत हा नकार राजरोस चालत होता. कुठे थांबता येईल, कुठे पेट्रोल नि जेवण मिळेल हे सांगणारं ‘ग्रीन बुक’ 1936पासून व्हिक्टर ह्यूगो ग्रीन काढत होते, ते याच गरजेपोटी. तेव्हा आया बुटांच्या रिकाम्या खोक्यांत तळलेली कोंबडी, उकडलेली अंडी, पाव आणि केक भरून घेत आणि घर वाटेत गाडीतच जेवत असे. टेलगेटिंगच्या कौतुकाच्या लेखांत हा खोका सहसा दिसत नाही. तो दिसायला हवा. घरचं जेवण बांधून सामन्याला जाणं ही गोऱ्या घराची हौस होती, त्याच काळात कृष्णवर्णीय घराला दुसरा पर्यायच नव्हता. त्यांच्या कॉलेजांचे मोठे सामने फ्लोरिडातल्या ऑरेंज ब्लॉसम क्लासिकपासून, म्हणजे 1933पासून, वेगळे भरत होते. 1974पासून न्यू ऑर्लिन्समध्ये ग्रॅम्बलिंग आणि सदर्न या त्यांतल्या दोन कॉलेजांचा बायू क्लासिक भरतो. तिथे सामन्याइतकीच गर्दी मध्यंतरातल्या बँडपथकांसाठी आणि बाहेरच्या चुलींसाठी असते.

हा सगळा इतिहास एका जागी बघायचा तर मिसिसिपी राज्यातल्या ऑक्सफर्डला जावं. तिथल्या विद्यापीठाला ओल मिस म्हणतात आणि त्याच्या आवारात ओक, एल्म, मॅग्नोलियाची सुमारे 10 एकरांची राई आहे, द ग्रोव्ह. सामन्याच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी संध्याकाळी, ठरलेली वेळ झाली की माणसं खांब, खुर्च्या, टेबलं घेऊन जागा धरायला धावतात आणि काही तासांत राईभर लाल-निळे तंबू उभे राहतात. आत टेबलावर पांढरं कापड, चांदीची ताटं, मेणबत्त्यांची झाडं, आढ्याला टांगलेलं खरंखुरं झुंबर. त्याखाली तळलेली कोंबडी, लाल गोड मिरची घातलेल्या चीजची सँडविचेस, मसाला भरलेली अंडी, पेकन या सुक्यामेव्याचा ‘पाय’ हा गोड पदार्थ. पुरुष कोट-टायमध्ये आणि मुली लग्नाला निघाल्यासारख्या नटलेल्या. सामन्याआधी खेळाडू या गर्दीतूनच मैदानाकडे चालत जातात. 1985च्या सुमारास प्रशिक्षक बिली ब्रूअर यांनी पाडलेली ही रीत आहे. गंमत म्हणजे टेलगेटिंगच्या या सगळ्यात नावाजलेल्या जागी एकही गाडी नसते. 1991पर्यंत गाड्या थेट झाडांखाली लागत. त्या वर्षी पावसाने राईचा चिखल झाला, गाड्यांना बंदी आली आणि त्यांच्या जागी तंबू आले.

राईपासून चालत काही मिनिटांवर लायसियम ही विद्यापीठाची जुनी इमारत आहे. 29 सप्टेंबर 1962 रोजी जॅक्सन शहरात ओल मिसचा केंटकीविरुद्ध सामना होता. मध्यंतरात गव्हर्नर रॉस बार्नेट यांनी मैदानात उभं राहून मिसिसिपीच्या चालीरीतींवरचं आपलं प्रेम जाहीर केलं आणि गुलामगिरीसाठी लढलेल्या दक्षिणेचे झेंडे फडकवत गर्दीने त्यांना साथ दिली. जेम्स मेरेडिथ या कृष्णवर्णीय तरुणाला प्रवेश द्यायचा नाही, एवढाच त्याचा अर्थ होता. दुसऱ्या रात्री लायसियमसमोर दंगल पेटली आणि दोन माणसं मारली गेली. 1 ऑक्टोबरला मेरेडिथ पहाऱ्यात वर्गात गेला. त्या वर्षी ओल मिसचा संघ एकही सामना हरला नाही. पहिले कृष्णवर्णीय खेळाडू, बेन विल्यम्स आणि जेम्स रीड, संघातून खेळले ते थेट 1972 साली. मैदानात काठ्या आणायला 1997मध्ये बंदी झाली आणि त्यामुळे झेंडे मागे पडले. ‘डिक्सी’ हे जुन्या दक्षिणेचं गाणं बँडने वाजवणं थांबलं ते 2016मध्ये. राईतल्या पंगतीत कोण बसणार याचा निकाल लागायला इतकी वर्षं गेली.

बाकी ठिकाणी जसं वाहन तशी पंगत. टेनेसीच्या नॉक्सव्हिलमध्ये मैदान नदीकाठी आहे. 1962 साली जॉर्ज मूनी नावाचे गृहस्थ वाहतुकीच्या कोंडीला कंटाळून बोटीने आले आणि आता तिथे बोटींची रांगच लागते. कोलंबियात, दक्षिण कॅरोलायना विद्यापीठाच्या मैदानामागे वापरात नसलेल्या रुळांवर 1990पासून मालगाडीच्या गार्डचे 22 डबे उभे आहेत, आतून घरासारखे सजवलेले. लुइझियानात ओतीव लोखंडाच्या कढयांत वल्ह्याएवढ्या पळीने जांबालाया, म्हणजे मांस-कोळंबीचा मसालेभात, ढवळला जातो. समोर फ्लोरिडाचा संघ असला की त्या दिवशी मगर शिजते आणि आर्कान्सा असला की डुक्कर, कारण त्या संघांची ती चिन्हं आहेत.

या प्रवाशांच्या खिशाची ताकद क्लेम्सनने एकदा चक्क मोजून दाखवली. अटलांटातल्या जॉर्जिया टेकने क्लेम्सनशी दरवर्षीचे सामने बंद करायचं ठरवलं, तेव्हा 1977च्या सामन्याला जाणाऱ्या चाहत्यांना क्लेम्सनच्या देणगीदार संघटनेचे जॉर्ज बेनेट यांनी सांगितलं, की सगळा खर्च दोन डॉलरच्या नोटांत करा आणि नोटेवर नारिंगी वाघाच्या पंजाचा शिक्का मारा. दोन डॉलरची नोट 1976मध्येच नव्याने चलनात आली होती आणि सहसा कुणी वापरत नसे. त्या शनिवारी पेट्रोलपंप, मोटेल, किराणा दुकानं, सगळ्यांच्या गल्ल्यात पंजे जमा झाले. जॉर्जिया टेकचं मन काही लगेच वळलं नाही, पण बाहेरगावच्या सामन्याला जाताना शिक्क्याची नोट नेण्याची पद्धत आजही टिकून आहे.

आता या चाहत्यांच्या प्रवासाचं अंतर वाढतंय ते टीव्हीमुळे. 1984 साली सर्वोच्च न्यायालयाने कॉलेज फुटबॉलच्या प्रक्षेपणावरची एनसीएए या संघटनेची मक्तेदारी मोडली आणि कॉलेजांच्या गटांनी आपापले करार केले. बऱ्याच सामन्यांची वेळ वाहिनी ठरवते, तीही अनेकदा 12 दिवस किंवा अवघे 6 दिवस आधी. सामना दुपारी बाराचा आहे की रात्री आठचा हे कळल्याशिवाय घरी कुणी मांस मुरवत ठेवू शकत नाही. प्रक्षेपणाच्या पैशापोटीच 2024मध्ये कॅलिफोर्निया, ओरेगन, वॉशिंग्टन या राज्यांतली चार विद्यापीठं मध्य-पश्चिमेच्या बिग टेन गटात आली. त्या ऑक्टोबरात पेन स्टेटने लॉस एंजेलिसला जाऊन त्या चौघांतल्या यूएससीला 33-30 असं हरवलं. पेनसिल्व्हेनियापासून हे अंतर सुमारे 4 हजार किलोमीटर. शेगडी नि कोळसा घेऊन गाडीने जायचं म्हटलं तर नुसतं पोचायलाच चार दिवस लागतात, आणि शनिवारच्या सामन्यासाठी मंगळवारी निघणं शाळा-नोकरीच्या घराला जमत नाही.