आकाशातून आलेली शाळा

१ ऑगस्ट १९७५ रोजी आपल्या देशात शिक्षणाचा एक धाडसी प्रयोग सुरू झाला. त्याचे स्वप्न पाहणारे डॉ. विक्रम साराभाई तेव्हा हयात नव्हते. अमेरिकेचा एटीएस-६ हा उपग्रह एका वर्षाच्या बोलीवर मिळाला आणि सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत दूरचित्रवाणी संच पोहोचले. (महाराष्ट्र त्या सहांत नव्हता.) कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीची तीन मीटर व्यासाची छत्री, आणि संचासमोर दाटीवाटीने बसलेली मुले! सकाळी दीड तास शाळेसाठी, संध्याकाळी अडीच तास गावासाठी.

पालकांनी ध्यानात घ्यावी अशी बाब निराळीच आहे. सुट्टीच्या दिवसांत याच संचांसमोर शिक्षक बसले. सुमारे ५०,००० प्राथमिक शिक्षकांना विज्ञान कसे शिकवावे याचे धडे मिळाले. तेही नुसते पाहून नव्हे, तर रेडिओ, छापील पाठ व हाताने करावयाचे प्रयोग यांच्या जोडीने. माझ्या मते प्रयोगाचे खरे यश हेच. आज शाळा निवडताना आपण संगणक किती आहेत ते विचारतो. ते वापरण्याचे शिक्षण गुरुजींना किती दिवस मिळाले, हे कोण विचारतो?

३१ जुलै १९७६ रोजी मुदत संपली व उपग्रह परत गेला. अनेक गावांतले पडदे कोरे झाले. देशाचा स्वतःचा इन्सॅट-१बी आकाशात गेला तो १९८३ साली.