पाचव्या मागणीचं कूळ

नारायण मेघाजी लोखंडे म्हटलं की आपल्याला रविवारची सुट्टी आठवते. सप्टेंबर 1884 मध्ये परळच्या सुपारीबागेत त्यांनी गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या, तेव्हा मागण्या मात्र पाच होत्या. आठवड्याची सुट्टी, दुपारची विश्रांती, कामाचे तास, वेळेवर पगार. आणि पाचवी, जी आपण साफ विसरलो. कामावर जबर दुखापत झाली तर बरं होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा, आणि जन्माचं अपंगत्व आलं तर पोटापाण्याची सोय व्हावी. पाच हजारांवर कामगारांनी या मागण्यांच्या अर्जाला पाठिंबा दिला होता.

ही मागणी किती धाडसाची होती, हे कळायला तेव्हाचा इंग्रजी कायदा पाहावा लागतो. 1837 मध्ये इंग्लंडात एका खाटकाची जादा माल भरलेली गाडी मोडली आणि तिच्यावरच्या नोकराची मांडी मोडली. त्याने मालकावर दावा लावला. न्यायालयाने तो फेटाळला. नोकराला धोका दिसत होता, तर त्याने नाही म्हणायचं होतं! पोटासाठी राबणारा माणूस नाही कसा म्हणणार, हा प्रश्न न्यायाधीशांना पडला नाही. सोबतच्या कामगाराच्या चुकीने इजा झाली तर मालक जबाबदार नाही, हा नियमही याच निकालातून वाढला.

जर्मनीत बिस्मार्कने 1884 मध्येच अपघात विम्याचा कायदा केला. ब्रिटनने 1897 मध्ये चूक कोणाची हे न पाहता भरपाई देण्याचं तत्त्व मान्य केलं. त्याच वर्षी लोखंडे प्लेगने गेले. हिंदुस्थानात भरपाईचा कायदा झाला 1923 मध्ये आणि लागू झाला 1 जुलै 1924 पासून.

त्याचं परिशिष्ट एकदा वाचावं. अंगठा गेला तर कमाईच्या ताकदीतली घट 30 टक्के, तर्जनी 14, मधलं बोट 12, करंगळी 7. वाचताना अंगावर काटा येतो, पण प्रेसवर बोट गेलेल्या पोराला याच आकड्यांचा आधार असतो. वय 30 आणि हिशेबाला धरलेला पगार 15,000 असेल, तर अंगठ्याची भरपाई 5,61,546 रुपये होते. ‘साहेब देतील ते पाच-दहा हजार’ घेऊन गप्प बसणाऱ्यांना हा हिशेब कुणी सांगतच नाही.

ठेकेदाराचा माणूस असला तरी मूळ मालकाची जबाबदारी सुटत नाही. ‘काही मागणार नाही’ असं आधी लिहून घेतलेल्या करारालाही या कायद्यापुढे किंमत नाही. नोव्हेंबर 2025 पासून हा कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला गेला. पण बरं होईपर्यंत पूर्ण पगार? 1923 च्या कायद्याने तो निम्माच दिला, कर्मचारी राज्य विमा योजनेने (ईएसआय) 90 टक्क्यांपर्यंत नेला. म्हणजे गिरणी कामगारांनी मागितलं तेवढं अजूनही पुरतं पदरात पडलेलं नाही.

तुमच्या ओळखीत कुणाला कामावर इजा झाली असेल, तर दवाखान्याच्या कागदावर ‘कामावर असताना’ हे शब्द आहेत का ते आजच पाहा, कोऱ्या कागदावर सही करू देऊ नका, आणि दाव्याची मुदत टळण्याआधी ईएसआयच्या कार्यालयात किंवा कामगार न्यायालयात त्याच्यासोबत जा.