बिल्ल्यातला पासंग

मैत्रिणींनो, तराजूत पासंग दिसला तर आपण आधी तो काढायला लावतो, मगच वजन. आज आम्ही सांगणार आहोत तो पासंग अणुचाचण्यांतला.

१९६२ साली अमेरिकेने प्रशांत महासागरात ख्रिसमस आणि जॉन्स्टन बेटांजवळ ‘डॉमिनिक’ चाचण्या केल्या. तिथली माणसं अंगावर एक बिल्ला लावत. त्यात छोटी फिल्म, दाताच्या एक्स-रेला असते तशी. किरण लागले की ती काळवंडते. पण किती काळी म्हणजे किती मात्रा? म्हणून तशाच काही फिल्मांना मोजून किरण द्यायचे, एक कोरी ठेवायची, आणि सगळ्यांचा काळेपणा ताडून बघायचा.

घोळ झाला तो हवेने. बिल्ल्याचं मेणाचं सील सदोष होतं. उजेड आणि उष्णता लागून, शिवाय जुनी होऊन, फिल्म किरणांविनाच काळी पडे आणि मात्रा खऱ्यापेक्षा जास्त दिसे. १९७९-८० मध्ये १३४९ फिल्म पुन्हा तपासल्या, तेव्हा ४५ टक्क्यांत असा काही ना काही बिघाड निघाला.

आकडा दुरुस्त करणं रास्तच. पण श्वासातून, अन्नातून पोटात गेलेलं बिल्ल्याला कळतच नाही, तेही धरायला हवं ना?

आणि बिल्लाच नसलेल्यांचं काय? १ मार्च १९५४ च्या ‘ब्राव्हो’ स्फोटाची राख राँगेलाप बेटावर पडली. तिथल्या बायामुलांना दोन दिवसांनी हलवलं. त्यांची मात्रा मागाहून अंदाजाने काढली. १९६३ पासून तिथे थायरॉइडच्या गाठी दिसू लागल्या, त्याही मुख्यतः तेव्हा लहान असलेल्यांच्या गळ्यात.