इंजिन बसविणारे हात



विमानाचा इतिहास सांगावयाचा म्हटले म्हणजे वक्ते पुष्पक विमानापासून आरंभ करतात आणि अमेरिकेच्या राइट बंधूंपाशी येऊन थांबतात. आम्हा कामगार चळवळीतल्या माणसांना या कथेत एक जागा रिकामी दिसते. विमानावर इंजिन कोणी बसविले? पंखाची कल्पना माणसाला पक्ष्यांनी दिली, पतंगांनी दिली. घोडे अडले होते ते इंजिनापाशी. म्हणून आज बोलावयाचे ते इंजिनाविषयी आणि ते बसविणाऱ्या हातांविषयी.

आपल्या जिल्ह्याला वाफेचे इंजिन नवे नाही. मनमाड-हैदराबाद मीटरगेज मार्गावर ते वर्षानुवर्षे धावले. पूर्णा जंक्शनच्या कितीतरी घरांची चूल त्यावर पेटली. बॉयलर, पाणी, कोळसा एवढा बोजा ते वाहत असे. रुळावर वजन हा गुण आहे, कारण चाक घसरत नाही. हवेत मात्र वजन हाच वैरी. तेथे इंजिनाची शक्ती किती, एवढे विचारून भागत नाही. एका अश्वशक्तीमागे वजन किती, हे विचारावे लागते. पेट्रोल इंजिनाने या प्रश्नाला वाट करून दिली. इंधन सिलिंडरातच जळते, तेव्हा बॉयलरची गरजच उरत नाही.

पेट्रोल इंजिनावर प्रथम उडाले ते माणूस बसलेले विमान नव्हे, तर एक नमुना होता. प्राध्यापक सॅम्युअल लँग्ली यांनी आपल्या नियोजित विमानाचा एक-चतुर्थांश आकाराचा नमुना १८ जून १९०१ रोजी उडविला. पुढे मोठे विमान ७ ऑक्टोबर आणि ८ डिसेंबर १९०३ रोजी सोडले, ते दोन्ही वेळा पोटोमॅक नदीत पडले. सरकारचे पन्नास हजार डॉलर त्यामागे होते.

त्यानंतर नवव्या दिवशी, १७ डिसेंबर १९०३ रोजी, राइट बंधूंचे विमान उडाले. पहिले उड्डाण बारा सेकंदांचे आणि एकशे वीस फुटांचे. त्यांना हवे तसे हलके इंजिन तयार मिळेना, तेव्हा त्यांच्या सायकलच्या दुकानातील मिस्त्री चार्ल्स टेलर यांनी ते सहा आठवड्यांत घडविले. हत्यारे म्हणजे लेथ, ड्रिल आणि हातातील छिन्नी-हातोडा. पोलादाच्या ठोकळ्यावर रेघ आखून, रेघेवर भोके पाडून, छिन्नीने तोडून त्यांनी क्रँकशाफ्ट काढला. खोका अ‍ॅल्युमिनियमचा ओतून घेतला. बारा अश्वशक्ती आणि वजन सुमारे ऐंशी किलो. पगार आठवड्याला अठरा डॉलर! राइट बंधूंचे नाव जगभर झाले. टेलर मात्र १९५५ साली धर्मादाय रुग्णकक्षात आढळले. मग विमान-धंद्यातील लोकांनी वर्गणी काढून त्यांची सोय लावली. ३० जानेवारी १९५६ रोजी ते वारले.

आपल्याकडेही लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलच्या दुकानापासूनच आरंभ केला आणि १९०३ साली लोखंडी नांगर काढला. त्या घराण्याचा तेल-इंजिनांचा कारखाना १९४६ साली पुण्यास निघाला, आणि ती इंजिने खेड्यापाड्यांतील विहिरींवर पोचली. नांगराची कीर्ती आपण गातो. साचे भरणाऱ्यांची, ओतकाम करणाऱ्यांची नावे कोणी टिपून ठेवली?

उलट एक नाव मात्र पुराव्यावाचून गाजते. शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ साली मुंबईच्या चौपाटीवर विमान उडविले असे सांगतात. त्यांच्या जिद्दीविषयी आम्हाला आदर आहे. परंतु उड्डाण झाल्याचा त्या काळचा विश्वसनीय पुरावा पुढे आलेला नाही. प्राचीन म्हणून मिरविल्या जाणाऱ्या ‘वैमानिकशास्त्रा’ची तपासणी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधकांनी १९७४ साली केली, त्यात वर्णिलेली विमाने उडू शकणार नाहीत असे त्यांना आढळले. स्वदेशाचा अभिमान बाळगावा, पण तो लेथवर तपासून घेतलेला असावा.

आज ही विद्या छंद म्हणूनही शिकता येते. वॉल्टर आणि विल्यम गुड या जुळ्या अमेरिकन भावांनी १९३७ साली रेडिओने चालणारे पेट्रोलचे नमुना-विमान उडविले. पुढे हौशी लोकांनी यांत्रिक करवतीची लहान दोन-स्ट्रोक इंजिने उतरवून अशा विमानांवर चढविली. हे काम दिसते तितके सोपे नाही. विमानाच्या नाकाशी जाड प्लायवुडची भिंत हवी, कारण धक्के तीच सोसते. टाकी कार्ब्युरेटरच्या पातळीला हवी. प्लगच्या ठिणगीने रेडिओत बिघाड होऊ नये म्हणून तार झाकलेली आणि रेडिओ दूर ठेवलेला हवा. तोल पंखाच्या पुढल्या कडेपासून साधारण चौथ्या ते तिसऱ्या हिश्शात यावा. नाक जड झाले तर बॅटरी मागे सरकवावी. पंखा बाहेरच्या इंजिनाला चुकून हात लागला, तर बोटे जातात, हे तर पहिल्याने शिकवावे.

हे सारे परभणीला परके आहे काय? कापसावर, सोयाबीनवर फवारणी करणाऱ्या पाठीवरच्या पेट्रोल पंपात त्याच जातीचे दोन-स्ट्रोक इंजिन असते. ते उघडून, प्लग पुसून, कार्ब्युरेटर साफ करून पुन्हा चालू करणारी पोरे आपल्या बाजारात आहेत. १९७२ साली स्थापन झालेल्या आपल्या कृषी विद्यापीठात शेतीसाठी ड्रोन आणि यंत्रमानव यांवर प्रकल्प झाला. एकीकडे विद्यापीठाची प्रयोगशाळा, दुसरीकडे गॅरेजमधले तेलकट हात. मध्ये अंतर आहे ते केवळ मानाचे आणि वेतनाचे.

ते अंतर कमी करणे आपल्या हाती आहे. आय. टी. आय. मधल्या मुलाला विद्यापीठाचे दार उघडे असावे. जे यंत्र त्याने जोडले, त्यावर त्याचे नाव असावे. कुशल कामाला कुशल कामाचे वेतन मिळावे. टेलर यांचे नाव जगाने त्यांच्या म्हातारपणी शोधले. आपल्या मिस्त्र्यांची नावे आपण ते काम करीत असतानाच लिहून ठेवू या.