बरासी गेला, तेव्हापासून...

मेलबर्नमध्ये सप्टेंबर संपता संपता त्यांच्या फुटबॉलचा अंतिम सामना होतो. लाखभर माणसं मैदानात आणि बाकीचं शहर टीव्हीसमोर. आपल्याला वाटतं, झालं, संपला मोसम, आता मंडळी गप्प बसतील. पण छे! खरा कल्लोळ त्यानंतर सुरू होतो. ऑक्टोबरात क्लबांना खेळाडूंची अदलाबदल करायला काही दिवस दिलेले असतात. त्याला तिथे 'ट्रेड' म्हणतात, म्हणजे सरळ व्यापारच. कोण कुठे जाणार, कोणाच्या बदल्यात कोण येणार, याच्या वावड्या अंतिम सामन्याच्या कितीतरी आधीपासून उडायला लागतात. आपल्याकडे निवडणुकीच्या आधी अमुक आमदार तमुक पक्षात जाणार म्हणून जशी पारावर चर्चा चालते ना, अगदी तसं.

माझी लेक बरीच वर्षं मेलबर्नला आहे. तिच्याकडे दोनदा मुक्काम झाला, आणि नातवामुळे हा खेळ मला समजून घ्यावा लागला. इथल्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते. हा आपला फुटबॉल नव्हे. चेंडू लंबगोल, मैदानही लंबगोल, एका बाजूला अठरा खेळाडू. चेंडू पायाने मारायचा, हातात धरून पळायचं, दुसऱ्याच्या खांद्यावर चढून झेल घ्यायचा, सगळं चालतं. टोकाला चार खांब. मधल्या दोघांतून लाथेने गेला तर सहा गुण, बाजूच्या फटीतून गेला तर एक. आणि मौज म्हणजे या खेळाचं मूळ क्रिकेटमध्ये आहे. १८५८ साली टॉम विल्स नावाच्या क्रिकेटपटूने वर्तमानपत्रात पत्र लिहून सुचवलं, की हिवाळ्यात क्रिकेटवाल्यांचं अंग आखडू नये म्हणून एखादा फुटबॉलचा क्लब काढावा. पुढच्याच वर्षी नियम लिहिले गेले. क्रिकेटच्या मैदानावर खेळायचा म्हणून मैदान लंबगोल!

माझा नातू 'मेलबर्न' नावाच्याच क्लबचा भक्त आहे. शहरात क्लब पुष्कळ, त्यातला हा सगळ्यात जुना. त्यांचा ख्रिश्चन पेट्राका हा मोठा खेळाडू. २०२१ च्या अंतिम सामन्यात सर्वोत्तम खेळाडूचं नॉर्म स्मिथ पदक त्यालाच मिळालं. त्याचा करार २०२९ पर्यंतचा. २०२४ च्या जूनमध्ये कॉलिंगवूडविरुद्धच्या सामन्यात त्याला जबर मार लागला. बरगड्या मोडल्या, प्लीहेला इजा झाली, फुप्फुसालाही. त्यानंतर क्लबशी त्याचं बिनसल्याच्या बातम्या येऊ लागल्या आणि वावड्यांना ऊत आला. त्या वर्षी तो राहिला. २०२५ च्या ऑक्टोबरात मात्र गेलाच, पार क्वीन्सलंडमधल्या गोल्ड कोस्ट क्लबात.

फोनवर नातू तावातावाने बोलत होता. त्याचे बाबा त्याला समजावत होते, "अरे, मी नाही का तीन नोकऱ्या बदलल्या? त्यालाही वाटलं असेल." त्यावर पोरगं काय म्हणावं? "बाबा, तुमच्या ऑफिसचा स्कार्फ कोणी गळ्यात घालत नाही."

जावईबापू गप्प झाले. मीही झाले! पण इतिहास शिकवण्यात उमर गेलेली बाई मी. मनात आलं, हा वाद काही आजचा नसणार. शोधायला बसले, तर याच क्लबात, बरोबर साठ-एकसष्ट वर्षांपूर्वी, याहून मोठा भूकंप होऊन गेलेला. त्याचीच ही गोष्ट.

रॉन बरासी. याचे वडीलही रॉन बरासीच, आणि मेलबर्न क्लबचेच खेळाडू. १९४० च्या विजेत्या संघात ते होते. पुढल्याच वर्षी जुलैच्या अखेरीस तोब्रुकच्या लढाईत मारले गेले. मुलगा तेव्हा पाच वर्षांचा. त्या काळी खेळाडूला क्लब निवडता येत नसे. शहराच्या वाटण्या झालेल्या होत्या. तुम्ही ज्या भागात राहता, त्या भागाच्या क्लबकडून खेळायचं. त्या हिशेबाने हा मुलगा मेलबर्न क्लबला मिळणारच नव्हता. कार्लटन आणि कॉलिंगवूड या दोन्ही क्लबांचा त्याच्यावर डोळा होता. तेव्हा मेलबर्नने आग्रह धरला, की ज्याचा बाप आमच्याकडून खेळला तो मुलगा आम्हाला मिळावा. लीगने तसा नियम केला. बापलेकांचा तो नियम या ना त्या रूपात आजही आहे.

पुढे आई टास्मानियाला गेली. मुलगा मेलबर्नमध्येच राहिला, वडिलांचे मित्र नॉर्म स्मिथ यांच्या घरामागच्या खोलीत. हे स्मिथ वडिलांबरोबर खेळलेले आणि १९५२ पासून मेलबर्न क्लबचे प्रशिक्षक. म्हणजे घरी पालक आणि मैदानावर गुरू. शिस्तीचे मोठे कडक. वडिलांचा ३१ नंबर पोराने पाठीवर घेतला आणि १९५३ साली मैदानात उतरला. त्यानंतर १९५५, ५६, ५७, ५९, ६० आणि ६४, अशी सहा विजेतेपदं. शेवटची दोन त्याच्या कप्तानीत. शहरातली पोरंटोरं पाठीवर ३१ नंबर लावून गल्लीत खेळायची.

१९६४ च्या सप्टेंबरात मेलबर्नने कॉलिंगवूडला अवघ्या चार गुणांनी हरवलं. आणि वर्ष संपायच्या आत बातमी आली, बरासी कार्लटनला चालला! कप्तान आणि प्रशिक्षक, दोन्ही होऊन.

त्याला स्वतःला प्रशिक्षक व्हायचं होतं. पैसाही चांगला मिळत होता. स्मिथनी म्हणे त्याच्यासाठी स्वतःची जागा सोडायची तयारी दाखवली होती, पण त्याने ती घेतली नाही. मला यात नवल वाटत नाही. वडासारख्या माणसाच्या सावलीत वाढलेल्याला कधीतरी उन्हात जावंसं वाटतंच.

लोकांना मात्र ते पचलं नाही. आणि का पचावं? ज्याच्यासाठी नियम बदलून घेतला, ज्याचा बाप आपल्या क्लबचा हुतात्मा, ज्याला आपल्याच प्रशिक्षकाने घरात वाढवलं, तोच गेला. बरं, गेला तोही लहानपणी ज्यांचा त्याच्यावर डोळा होता त्या कार्लटनकडे! कार्लटन १९६४ साली दहाव्या नंबरावर होता, तोवरच्या त्यांच्या इतिहासातला सगळ्यात खालचा. म्हणजे जिंकत्या घरातून हरत्या घरात. "पैशासाठी गेला" हा आरोप आपोआपच झाला.

आता जरा मागे जाऊन बघू. पैशाचा आणि निष्ठेचा हा झगडा बरासीच्याही आधीचा. १९३० साली लीगने कायदा केला होता, की खेळाडूला एका सामन्याचे तीन पौंडांपेक्षा जास्त द्यायचे नाहीत. कुल्टर कायदा त्याचं नाव. त्याच साली हेडन बंटन नावाच्या ऑल्बरीच्या तरुणाला फिट्झरॉय क्लबने २२२ पौंड देऊ केल्याचं उघडकीस आलं आणि त्याला त्या मोसमात खेळू दिलं नाही. पुढच्या वर्षी तो खेळला, आणि पहिल्याच मोसमात सर्वोत्तम खेळाडूचं ब्राऊनलो पदक घेऊन गेला. नंतर आणखी दोनदा घेतलं. म्हणजे मैदान भरायचं त्याच्या नावावर, आणि त्याचा मोबदला ठरलेला, तीन पौंड.

याला लोक 'निष्ठेचा काळ' म्हणतात. जुन्या चाहत्यांचं ठरलेलं वाक्य असतं, "आमच्या वेळी खेळाडू जन्मभर एका क्लबात राहायचे." खरं आहे. पण दुसऱ्या क्लबात जायचं तर आधीच्या क्लबची लेखी परवानगी लागायची. ती नाही मिळाली तर घरी बसा. ज्या घराला बाहेरून कडी आहे, त्या घरातला माणूस घर सोडून गेला नाही, याचं कौतुक किती करायचं?

१९७२ साली लीगने जरा कडी काढून पाहिली. दहा वर्षं सेवा झालेल्याने हवं तिथे जावं असा नियम केला. नॉर्थ मेलबर्नने त्याचा फायदा घेऊन डग वेड, बॅरी डेव्हिस आणि जॉन रँटॉल असे तीन मोहरे उचलले. बाकीचे क्लब घाबरले, १९७३ मध्ये नियम रद्द! तेव्हा नॉर्थ मेलबर्नचा प्रशिक्षक कोण होता सांगा? रॉन बरासी. १९७५ साली त्याने त्या क्लबला त्यांचं पहिलं विजेतेपद मिळवून दिलं.

शेवटी प्रश्न कोर्टात गेला. १९८२ मध्ये साऊथ मेलबर्न हा अख्खा क्लबच सिडनीला हलवला गेला. सिल्व्हिओ फोशिनी या तरुण खेळाडूला सिडनीला राहायचं नव्हतं, मेलबर्नमध्येच सेंट किल्डाकडून खेळायचं होतं. लीग परवानगी देईना. १९८३ साली व्हिक्टोरियाच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की लीगचे हे नियम माणसाच्या पोट भरण्याच्या हक्कावर गदा आणतात. मला ही गोष्ट फार बोलकी वाटते. क्लब शहर सोडून जाऊ शकतो आणि पोराने म्हटलं मी नाही येत, तर तो बेइमान!

त्यानंतर नवोदितांची निवड, पगाराची मर्यादा, अदलाबदल असे आजचे नियम आले. २०१२ पासून एका क्लबात आठ वर्षं काढलेल्या खेळाडूला मोकळीक मिळू लागली. त्यातूनच २०१३ चं लान्स फ्रँकलिन प्रकरण घडलं. वर्षभर चर्चा, तो हॉथॉर्न सोडून सिडनीच्या नव्या 'ग्रेटर वेस्टर्न सिडनी' क्लबात जाणार. अंतिम सामना हॉथॉर्नने जिंकला आणि तीनच दिवसांत कळलं, तो सिडनीला चाललाय खरा, पण दुसऱ्याच क्लबात, 'सिडनी स्वान्स'मध्ये! नऊ वर्षं, एक कोटी डॉलर. वर्षभर तावातावाने भांडणारे सगळेच चुकले. पुढच्या वर्षी अंतिम सामन्यात हॉथॉर्न आणि सिडनी समोरासमोर आले आणि हॉथॉर्नने सिडनीला ६३ गुणांनी धुतलं. सिडनीला फ्रँकलिनच्या काळात एकही विजेतेपद मिळालं नाही. पण २०२२ च्या मार्चमध्ये त्याने हजारावा गोल केला तेव्हा सिडनीतली माणसं हजारोंनी मैदानात धावली. आता सांगा, सौदा फायद्याचा की तोट्याचा?

बरासीचं पुढे काय झालं, तेही सांगायला हवं. कार्लटनला त्याने १९६८ मध्ये विजेतेपद दिलं, एकवीस वर्षांनी. १९७० च्या अंतिम सामन्यात कॉलिंगवूडविरुद्ध मध्यंतराला ४४ गुणांनी मागे असताना कार्लटन दहा गुणांनी जिंकला, १,२१,६९६ प्रेक्षकांसमोर. तो आकडा आजवर कोणी मोडलेला नाही. इकडे मेलबर्न क्लबने १९६५ च्या जुलैमध्ये नॉर्म स्मिथनाच काढून टाकलं. चार दिवसांत परत बोलावलं, पण घडी विस्कटली ती विस्कटलीच. लोक त्याला स्मिथचा शाप म्हणू लागले. १९८१ ते ८५ बरासी प्रशिक्षक म्हणून घरी परतला, तरी शाप उतरला नाही. पुढचं विजेतेपद मिळालं ते थेट २०२१ मध्ये, सत्तावन्न वर्षांनी. करोनामुळे सामना पर्थला, आणि मेलबर्नकर आपापल्या घरात कोंडलेले. बरासी तेव्हा पंच्याऐंशी वर्षांचा होता. २०२३ च्या सप्टेंबरात तो गेला, तेव्हा कार्लटन, नॉर्थ मेलबर्न, सिडनी आणि मेलबर्न, चौघांनीही त्याला आपला म्हटलं. ज्याने घर मोडलं म्हणून लोक रडले होते, त्याची चार घरं झाली होती.

आम्हा जिल्हा परिषदेच्या शिक्षकांना बदल्यांच्या वावड्या काही नव्या नाहीत. मे महिना आला की कुजबुज सुरू. मुलं येऊन विचारायची, "बाई, तुम्ही जाणार?" त्या प्रश्नात माझ्यावर हक्क होता आणि तो मला आवडायचा. पण माझी बदली कागदावर ठरायची, मुलांना कोणी विचारत नसे आणि मलाही नाही. म्हणून मला दोन्ही बाजू कळतात. हक्क वाटणं आणि मालकी असणं यांत फरक आहे. चाहत्याचा हक्क प्रेमाचा. तो रुसू शकतो, रडू शकतो, दोन शिव्याही देऊ शकतो. पण खेळाडू त्याच्या मालकीचा नव्हे. आणि क्लब दर ऑक्टोबरात जे डझनावारी खेळाडू, दुखापतीने थकलेले, वय झालेले, निमूटपणे यादीतून काढतो, त्यांच्यासाठी फारसं कोणी भांडत नाही. निष्ठा मागायची तर दोन्हीकडून मागावी.

तरीही नातवाचं ते स्कार्फचं वाक्य मला खोडून काढता येत नाही. जावयाच्या नोकरीत आणि पेट्राकाच्या खेळात फरक आहेच. लोकांनी गळ्यात घातल्यामुळेच तो खेळाडू इतका मोठा झाला. कायद्याने हे ऋण फिटत नाही आणि करारातही ते लिहिता येत नाही. म्हणूनच हा वाद कधी मिटणार नाही, आणि मिटूही नये. ज्या दिवशी कोणी कुठे गेलं तरी कोणाला काही वाटणार नाही, त्या दिवशी तो नुसता व्यापार उरेल.

असो. लांबलंच जरा. मेलबर्नच्या मंडळींनी यावर रागवायचं असेल तर खुशाल रागवावं. तो तुमचा हक्क आहे!