लोहाराची लेव्हल किती? एका आकड्याचा इतिहास वाचताना

गावातला एक लोहार डोळ्यांसमोर आणा. वय साठ, गुडघे दुखतात, पण त्याच्यासारखी तलवार पंचक्रोशीत कोणी घडवत नाही. त्याच्यावर चार शिपाई धावून आले तर कोण जिंकेल?

डंजन्स अँड ड्रॅगन्सची २००० साली आलेली तिसरी आवृत्ती म्हणते, बहुतेक लोहारच. हे खेळ कधी खेळला नसाल तर एवढंच लक्षात ठेवा: टेबलाभोवतीचे खेळाडू प्रत्येकी एक पात्र चालवतात आणि उरलेलं जग, म्हणजे राजा, पहारेकरी, लोहार वगैरे, गेम मास्टर चालवतो. त्याच्या ताब्यातल्या या पात्रांना एनपीसी म्हणतात. त्या आवृत्तीत कोणत्याही कौशल्याला लेव्हल अधिक ३ अशी मर्यादा होती. म्हणजे लोहार निष्णात दाखवायचा तर त्याची लेव्हल वाढवा, आणि लेव्हल वाढली की मार खाण्याची आणि मारण्याची ताकदही आपोआप वाढते. दहाव्या लेव्हलच्या कारागिराला सरासरी ३५ हिट पॉइंट आणि हल्ल्याला +७ मिळतात. नव्या शिपायाला चार-पाच हिट पॉइंट आणि +१. तलवार घडवता येते म्हणून चालवताही येते, असा हिशोब झाला हा!

माझ्या प्रकरणाच्या पहिल्या खर्ड्यात मी यावर एक छान सरळ रेषा ओढली होती: सुरुवातीच्या खेळांत जग स्वतंत्र होतं, एनपीसी जेवढे ताकदवान तेवढेच राहायचे, पुढे जग खेळाडूंच्या मापाने शिवलं जाऊ लागलं. वाचायला झकास. गाइड मॅडमनी समासात एकच ओळ लिहिली: “अगं, पण हे लेव्हल ४ म्हणजे चार काय?”

मला उत्तर येत नव्हतं. तुम्हीही जुन्या साधनांतले आकडे वापरणार असाल तर हा प्रश्न आधीच विचारा, माझे तीन महिने त्यात गेले.

उत्तर १९७१ च्या ‘चेनमेल’मध्ये सापडलं. गॅरी गायगॅक्स आणि जेफ पेरेन यांची ही सैनिकांच्या छोट्या बाहुल्यांनी लढायच्या युद्धखेळाची नियमावली. तिच्या अद्भुतरम्य पुरवणीत ‘हीरो’ नावाचा मोहरा होता, तो चार माणसांच्या बरोबरीने लढायचा. ‘सुपरहीरो’ आठांच्या. १९७४ मध्ये गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा डंजन्स अँड ड्रॅगन्स आला तेव्हा लढवय्याच्या चौथ्या लेव्हलचं नाव हीरो आणि आठव्या लेव्हलचं सुपरहीरो असंच राहिलं. म्हणजे मुळात ते चार म्हणजे चार साधी माणसं. एकक होतं ‘माणूस’.

मग माझी सरळ रेषा बरोबरच ठरली की! नाही. त्याच १९७४ च्या पेटीतल्या तिसऱ्या पुस्तिकेत भुयाराच्या थरांचे तक्ते आहेत: जितकं खोल जाल तितके शत्रू भारी. त्यांत राक्षसांबरोबर माणसंही आहेत, लढवय्ये आणि जादूगार, लेव्हलप्रमाणे लावलेले. म्हणजे ताकदीची चढण पहिल्या दिवसापासून होतीच. फरक एवढाच की ती जागेला बांधलेली होती, खेळाडूंना नाही. किती खोल उतरायचं हे खेळाडू ठरवायचे आणि चुकले तर मरायचे. उघड्या रानात तर तीही सोय नव्हती. ऑर्कांची टोळी ३० ते ३०० ची, तुम्ही नवखे असा की मुरलेले.

२००० साली एकक बदललं. ‘चॅलेंज रेटिंग’ आलं: चार जणांच्या गटाची लेव्हल जेवढी तेवढंच शत्रूचं रेटिंग असेल, तर त्या लढतीत गटाची साधारण २० टक्के साधनसामग्री खर्च व्हावी. आता मोजमाप माणसात नाही, दमछाकीत. पण त्याच गेम मास्टरच्या पुस्तकात वस्त्यांचे तक्तेही आहेत, खेळाडूंकडे न बघता शहर भरणारे. सगळ्यात मोठ्या प्रकारच्या शहरातल्या सर्वांत वरच्या सामान्य माणसाची लेव्हल काढायला चार बाजूंचे चार फासे टाका आणि १२ मिळवा. सगळ्या फाशांवर एक पडला तरी लेव्हल १६! लढाया न करता हा गृहस्थ तिथवर पोचला कसा? एका पुस्तकात दोन मापं होती, आणि माझ्या लोहाराचं कोडं त्यांच्या फटीतच बसलंय.

पुढचं थोडक्यात. २००८ च्या चौथ्या आवृत्तीने जगाचं माप जवळजवळ सोडूनच दिलं. ‘मिनियन’ नावाच्या शत्रूला, तो दांडगा ऑगर असला तरी, १ हिट पॉइंट. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीने आकड्यांची चढणच कमी केली. वीस लेव्हलमध्ये प्रावीण्याचा बोनस +२ पासून फक्त +६ पर्यंत जातो, म्हणून ११ हिट पॉइंटच्या पहारेकऱ्यांचा घोळका मोठ्या वीरालाही जड जाऊ शकतो. ही आवृत्ती मला जास्त प्रामाणिक वाटते, पण ते माझं मत, प्रबंधात नाही.

अजून एक गोष्ट. वर जे सांगितलं ते सगळं छापील नियमांचं आहे. लोक खरंच तसे खेळत होते का? नियमपुस्तक लेखकाची इच्छा सांगतं, टेबलावरची वागणूक नाही. त्यासाठी मी गॅरी अ‍ॅलन फाइन या समाजशास्त्रज्ञाचं १९८३ चं ‘शेअर्ड फॅन्टसी’ पुन्हा काढलं, कारण ते खेळाडूंमध्ये बसून लिहिलेलं आहे. शिवाय जॉन पीटरसनचं २०१२ चं ‘प्लेइंग अ‍ॅट द वर्ल्ड’, जे तेव्हाच्या हौशी नियतकालिकांपर्यंत नेतं. आता प्रकरणाचे दोन भाग केलेत, एक पुस्तकातल्या लोहाराचा आणि एक टेबलावरच्या लोहाराचा. दुसऱ्या भागाची अजून चारच पानं झालीत, आणि मॅडमनी त्यातल्याही दोन पानांवर लिहिलंय, “कोणी सांगितलं?”