प्रौढांचीं खेळणीं

खेळ हा मुलांचा आणि व्यवहार हा मोठ्या माणसांचा, अशी एक वांटणी आपल्या समाजानें फार दिवसांपासून करून ठेविली आहे. तिच्यामुळें ज्या प्रौढ गृहस्थाच्या कपाटांत पत्र्याच्या मोटारी किंवा लांकडी हत्ती मांडलेले असतात, त्याच्याकडे पाहून शेजारीपाजारी मनांतल्या मनांत हंसतात. परंतु इतिहास पाहिला तर असें दिसतें कीं, खेळणीं जपून ठेवण्याचें काम मुलांनीं क्वचितच केलें आहे. मुलें खेळणीं मोडतात, आणि तोच त्यांचा खरा उपयोग होय. जुनीं म्हणून जीं खेळणीं आज आपणांस पाहावयास मिळतात, तीं एक तर भूमीच्या उदरांतून आलेलीं आहेत, नाहीं तर कोणा मोठ्या माणसाच्या पेटींतून. हीं मोठीं माणसें कोण, त्यांच्या किती पिढ्या झाल्या, आणि त्यांनीं काय राखलें व काय हातचें जाऊं दिलें, याचा विचार नांदेड-लातूरच्या बाजूनें करण्याचें आम्हीं येथें योजिलें आहे.

आरंभ तेरपासून करावा लागतो. लातूरच्या पश्चिमेस तेरणा नदीच्या कांठीं वसलेलें हें गांव आज धाराशिव जिल्ह्यांत मोडतें. परंतु १९८२ पर्यंत लातूरही त्याच जिल्ह्याचा भाग होतें, तेव्हां लातूरकरांस तेर परकें नाहीं. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथांत पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर जें तगर नांवाचें मोठें नगर सांगितलें आहे, तें हेंच, असें विद्वानांनीं ठरविलें आहे. येथील कापड भडोचच्या बंदरांतून परदेशीं जात असे. या सातवाहनकालीन नगराच्या पांढरींतून मणी, नाणीं आणि हस्तिदंती कामाबरोबर भाजलेल्या मातीच्या असंख्य मूर्ती निघाल्या. त्यांपैकीं कांहीं पांढऱ्या चिकणमातीच्या, दोन सांचे एकत्र जुळवून केलेल्या व आंतून पोकळ आहेत. त्यांच्या केशरचना व अलंकार पाहून आजही कौतुक वाटतें. यांतील देवता कोणत्या आणि बाहुल्या कोणत्या, यावर पंडितांचा एकमेळ होणें कठीण; आणि पूजेची मूर्ती दुसऱ्या दिवशीं मुलाच्या हातीं जाणें आपल्या घरांत आजही घडत असल्यामुळें ही रेघ स्पष्ट ओढतांही येणार नाहीं.

या वस्तु सरकारी उत्खननांतूनच वर आल्या असें नाहीं. पावसानें पांढर धुपली कीं त्या आपण होऊन उघड्या पडत. तेरचे रहिवासी रामलिंगप्पा लामतुरे यांनीं त्या वेंचून, राखून, मोठा संग्रह केला, आणि तेरच्या शासकीय वस्तुसंग्रहालयास आज त्यांचेंच नांव आहे. ज्या गांवांत मातीची किंमत गाडीच्या दरानें होते, तेथें मातीच्या चिमुकल्या डोक्याला कोणी तरी जपण्यासारखें मानलें, ही गोष्ट लहान नव्हे. तेर हें संत गोरोबा कुंभारांचेंही गांव. भजनांत तल्लीन होऊन चिखल तुडवीत असतां पोटचें मूल पायांखालीं आलें, ही त्यांची कथा प्रत्येक मराठी घरांत ठाऊक आहे. माती आणि मूल यांचें नातें एवढ्या उत्कटतेनें सांगणारें दुसरें गांव आमच्या आढळांत नाहीं.

संग्राहकांची दुसरी पिढी आपल्या घरांतच आहे, पण तिला आपण त्या नांवानें कधीं ओळखलें नाहीं. मराठवाड्यांत भाद्रपदांत महालक्ष्म्या बसतात, तेव्हां त्यांच्यापुढें आरास मांडण्याचा परिपाठ आहे. तींत फराळ आणि फळें असतात, त्याचप्रमाणें खेळणींही असतात. सासूनें जपलेली चिनी मातीची बाहुली सुनेच्या हवालीं होते आणि वर्षांतून तीन दिवस बाहेर येऊन पुन्हा चिंध्यांत गुंडाळली जाते. मुलांनीं तिला हात लावावयाचा नसतो. विसाव्या शतकाच्या आरंभीं गोदावरीच्या खोऱ्यांतून आगगाडी नांदेडास आली आणि १९११ त बार्शी लाइट रेल्वे लातुरास पोहोचली; तेव्हांपासून जर्मन किल्लीचीं आणि जपानी सेल्युलॉइडचीं खेळणींही या आराशींत बसूं शकलीं. नांदेडपलीकडील निर्मल हें गांव १९५६ पर्यंत नांदेडाबरोबर एकाच हैदराबाद राज्यांत होतें. तेथील पोणकी नांवाच्या हलक्या लांकडाचीं रंगीत फळें व पांखरें प्रसिद्धच आहेत. सतराव्या शतकाच्या अखेरीस ॲमस्टरडॅमच्या पेट्रोनेला ऑर्टमन या धनाढ्य स्त्रीनें स्वतःसाठीं अपार खर्चून बाहुलीघर सजविलें, तें आज तेथील राष्ट्रीय संग्रहालयाचें भूषण आहे. आमच्या गृहिणींजवळ तेवढें द्रव्य नव्हतें. परंतु दृष्टि तीच होती. भेद इतकाच कीं, तिकडे तिला कला म्हणाले आणि इकडे बायकांची हौस म्हणाले.

तिसरी पिढी संग्रहालयें उभारणारांची. पुण्याचे दिनकर गंगाधर केळकर, म्हणजे ‘अज्ञातवासी’ या नांवानें काव्य करणारे कवि, यांनीं जन्मभर गांवोगांव हिंडून दिवे, अडकित्ते, दौती आणि त्यांच्याच पंक्तींत बाहुल्या व खेळणीं गोळा केलीं. बालपणींच वारलेल्या आपल्या राजा या मुलाचें नांव त्यांनीं त्या संग्रहास दिलें. व्यंगचित्रकार शंकर यांना एका हंगेरियन बाहुलीनें असेंच वेड लाविलें, आणि त्या वेडांतून १९६५ त दिल्लीचें आंतरराष्ट्रीय बाहुली-संग्रहालय जन्मास आलें. या दोघांनीं स्वतःचें बालपण परत मिळवूं पाहिलें असें नव्हे. एकानें दिवंगत मुलासाठीं, तर दुसऱ्यानें देशांतील सर्व मुलांसाठीं हा उद्योग केला.

चौथी पिढी हल्लींची. हिची प्रेरणा निराळी आहे. इंग्लंडांत १९५३ त मॅचबॉक्स मोटारी आल्या. अमेरिकेंत १९५९ त बार्बी आणि १९६८ त हॉट व्हील्स निघाल्या. लहानपणीं जें मिळालें, किंवा जें दुकानाच्या कांचेआड पाहूनच परतावें लागलें, तेंच मनुष्य कमावता झाल्यावर शोधूं लागतो. म्हणून या संग्राहकांचें वय त्यांच्या कपाटावरून ओळखतां येतें; कोणी पत्र्याच्या आगगाडीवर थांबला आहे, तर कोणी प्लॅस्टिकच्या वीरपुरुषांवर. ही हौस आम्ही निंद्य मानीत नाहीं. मात्र तिचा एक नियम विचार करण्याजोगा आहे. ज्याचें वेष्टन कधीं उघडलेलेंच नाहीं, त्या खेळण्यास बाजारांत सर्वांत अधिक मोल येतें. म्हणजे ज्याच्याशीं कोणीही मूल खेळलेलें नाहीं, तेंच श्रेष्ठ!

येथें शूद्रकाच्या ‘मृच्छकटिका’ची आठवण होते. चारुदत्ताचा मुलगा रोहसेन मातीच्या गाडीवर रुसतो, त्याला शेजारच्या मुलाची सोन्याची गाडी हवी असते. आणि वसंतसेना दयेनें आपले अलंकार उतरून त्या मातीच्या गाडींत भरते. पण तेच अलंकार पुढें न्यायसभेंत चारुदत्ताच्या जिवावर उठतात. मोठ्या माणसाचें प्रेम खेळण्यांत सोनें भरतें खरें. परंतु सोन्याकडेच पाहत राहिल्यास गाडी कोणाची होती, हें आपण विसरतों.

मातीच्या गाडीचा वारसदार मात्र अजून कोणी झालेला दिसत नाहीं. पोळ्याचे मातीचे बैल, चिंधीची बाहुली, ज्वारीच्या ताटांची गाडी, हीं या भागांतील बहुसंख्य मुलांचीं खेळणीं. त्यांना दुकान नव्हतें, म्हणून मोलही नव्हतें. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहांटे किल्लारीच्या भूकंपानें सुमारें दहा हजार माणसें गेलीं, आणि दगडमातीचीं घरें गांवेंच्या गांवें बसलीं. त्या ढिगाऱ्यांत पिढ्यानपिढ्यांच्या पेट्याही दबल्या. जेथें माणसांचा शोक करण्यास अश्रु पुरत नाहींत, तेथें बाहुल्यांची गणना कोण करणार? तरीही त्या गांवांतील मुलें कशाशीं खेळत, हें सांगणाऱ्या वस्तु त्याच होत्या.

तगरच्या मुलांचा इतिहास दोन हजार वर्षें भूमीनें सांभाळला. आमच्या मुलांचा तिनें तसाच सांभाळावा, अशी अपेक्षा करणें आळसाचें होईल. महालक्ष्मीची पेटी उघडेल तेव्हां प्रत्येक घरानें एवढेंच करावें, कीं कोणतें खेळणें कोणी केलें, कोठून आलें आणि कोण त्याच्याशीं खेळलें, हें वडील मंडळी आहेत तोंपर्यंत विचारून लिहून ठेवावें. आणि पुढील पोळ्याचा एक मातीचा बैल त्याच पेटींत, चिनी बाहुलीच्या शेजारीं, मानानें बसवावा.